बैल दिसला, मेंढी दिसली नाही

राजा वरच्या दालनात बसला होता. खालून एक माणूस बैलाला दोरीने ओढत चालला होता. राजाने विचारलं, "कुठे नेतोस त्याला?" माणूस म्हणाला, "महाराज, घंटेला रक्त लावायचा विधी आहे, त्यासाठी." राजा म्हणाला, "सोड त्याला. त्याची ती थरथर मला बघवत नाही. काही गुन्हा नसताना वधाला चाललेल्या माणसासारखा दिसतोय." माणसाने विचारलं, "मग विधी रद्द करायचा का?" "छे, विधी कसा रद्द करणार? बैलाच्या जागी मेंढी घ्या."

ही हकीकत चीनमधली, सुमारे २३०० वर्षांपूर्वीची. राज्य छी, आजच्या शानतुंग प्रांताच्या बाजूचं, राजा श्वान. मेन्शियस हा विचारवंत त्याला भेटायला आला तेव्हा एका दरबाऱ्याकडून ऐकलेली ही गोष्ट त्याने राजालाच सांगितली आणि विचारलं, असं खरंच घडलं का? राजा म्हणाला, घडलं. लोक मात्र म्हणत होते की राजा चिक्कू आहे. बैल महाग, मेंढी स्वस्त. मेन्शियस म्हणाला, लोकांना तसं वाटलं तर नवल नाही. निरपराध जीव मरायला चाललाय याचं दुःख झालं होतं, तर मग बैल काय आणि मेंढी काय? राजा हसला. खरंच, तेव्हा माझ्या मनात होतं तरी काय? पैशाचा विचार नव्हता, पण मेंढी घ्या असं म्हणालो हेही खरं. लोक मला चिक्कू म्हणणारच.

मेन्शियसने उत्तर दिलं ते एका ओळीचं: तुम्हाला बैल दिसला होता, मेंढी दिसली नव्हती.

नीतिविचारात विवेकाचं आणि भावनेचं नातं काय, या प्रश्नाला हात घालायचा तर या बैलापेक्षा चांगली सुरुवात मला माहीत नाही. सगळं इथेच आहे. भावना आधी आली, कुणाला न विचारता आली. तिने चांगलं काम केलं, पण अर्धंच केलं. ज्याने ते केलं त्याला का केलं ते सांगता येईना. आणि ज्याने प्रश्न विचारला त्याने भावनेला नावं ठेवली नाहीत, तिची आरतीही केली नाही. तिची नजर कुठवर पोचते ते फक्त दाखवलं. पुढे राजा म्हणतो की मी ते करून बसलो, मग मागे वळून मनात शोधलं तर काही सापडेना. तुम्ही बोललात आणि आत काहीतरी हललं. म्हणजे भावनेला तिचा अर्थ सांगितल्यावर ती विझली नाही, उलट पुन्हा जागी झाली. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण भावनेची चिकित्सा केली की ती मरते, असा एक समज आपल्याकडे घट्ट बसलेला आहे.

राजाला त्या वेळी एखादं सोयीचं कारण सहज देता आलं असतं. बैल शेतीला लागतो, म्हणून सोडला. ऐकणाऱ्यांचं समाधान झालं असतं, राजाचंही झालं असतं, आणि मेंढीचा विषय तिथेच मिटला असता. मानसशास्त्रज्ञ जोनाथन हाइट यांनी २००१ सालच्या एका गाजलेल्या लेखात हेच मांडलं की नैतिक बाबतीत आपली बुद्धी बहुतेक वेळा न्यायाधीशाचं काम करत नाही, वकिलाचं करते. निकाल आतून आधीच लागलेला असतो, बुद्धी त्याला कलमं जोडते. हे निरीक्षण खरं आहे असं मला वाटतं. पण त्यातून बुद्धी निकामी ठरत नाही. एकटी असली की ती वकिली करते. समोर दुसरा माणूस नेमका प्रश्न घेऊन बसला की तिला उत्तर शोधावं लागतं. हाइट यांच्या मांडणीतही दुसऱ्याच्या बोलण्याने मत बदलण्याला जागा आहेच. मेन्शियस नसता तर राजाला आपलं मन सापडलं नसतं.

पाश्चात्त्य परंपरेत या दोघांचं नातं बऱ्याचदा भांडणासारखं रंगवलं गेलं. प्लेटोच्या रथात बुद्धी सारथी आहे आणि घोडे दोन: एक उमदा, एक आडमुठा. आपल्याकडे कठोपनिषदातही रथ आहे, पण त्याची जुळणी निराळी. इंद्रियं घोडे, मन लगाम, बुद्धी सारथी, आणि आत बसलेला आत्मा हा रथाचा धनी. दोन्ही रथांत एक गोष्ट मात्र सारखी आहे: सारथी रथ ओढत नाही. कितीही कुशल असला तरी घोडे सोडून घेतले की तो नुसता बसून राहतो.

मराठीला ही अडचण चार शब्दांत माहीत आहे: कळतं पण वळत नाही. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने तिच्यासाठी नीतिशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथाच्या सातव्या भागातली बरीच पानं खर्ची घातली. अमुक वाईट आहे हे ठाऊक असून माणूस ते करतो कसा? त्याचं उत्तर असं की ते ठाऊक असणं दारूच्या अमलात कविता म्हणणाऱ्यासारखं असतं. ओळी बरोबर येतात, अर्थ अंगाला लागलेला नसतो. नव्याने शिकू लागलेला विद्यार्थीही वाक्यं नीट जुळवतो, पण ज्ञान अंगात मुरावं लागतं आणि त्याला वेळ लागतो, असं तो म्हणतो. लोणचं घातल्या दिवशी लोणचं नसतं, तसंच हे.

आपल्या भाषेतला 'बुद्धी' हा शब्दही बघा. 'त्याला भेटायला जायची बुद्धीच झाली नाही', 'काय दुर्बुद्धी सुचली', 'देव त्याला चांगली बुद्धी देवो'. या तिन्ही ठिकाणी बुद्धी म्हणजे तर्कशक्ती नाही. इच्छा, ओढ, कल असा तिचा अर्थ आहे. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११च्या हिवाळ्यात लिहिलेल्या आणि १९१५ साली छापून निघालेल्या गीतारहस्यात याचा बारकाईने उलगडा केला आहे. गीता 'बुद्धी' हा एकच शब्द दोन अर्थांनी वापरते; एक निर्णय करणारी व्यवसायात्मक बुद्धी, दुसरी वासनात्मक बुद्धी. दोन्ही शुद्ध झाल्याखेरीज आचरण शुद्ध होत नाही, हा त्यांच्या विवेचनाचा रोख. ज्या भाषेत दोघींना एकच नाव आहे, त्या भाषेत त्यांचं वैर लावणं मुळातच अवघड आहे.

भावना विरुद्ध बुद्धी या वादात सर्वांत जास्त उद्धृत होतो तो स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम. त्याचा मोठा ग्रंथ निघू लागला १७३९ साली, तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. बुद्धी ही विकारांची दासी आहे आणि तिने तेवढंच असावं, हे वाक्य त्यातलं. त्याच प्रकरणात दुसरं, अधिक धक्कादायक: माझ्या बोटाला ओरखडा येण्यापेक्षा सगळं जग नष्ट झालेलं मला चालेल, असं एखाद्याने ठरवलं तर त्यात बुद्धीच्या विरुद्ध काही नाही. या दोन वाक्यांवर थांबणारे फार. पण तिथेच ह्यूमने एक दार उघडं ठेवलं आहे. विकार दोन बाबतींत चुकू शकतो: जी गोष्ट नाही ती आहे असं मानून तो उठला असेल, किंवा हवं ते मिळवायला निवडलेला मार्ग अपुरा असेल. चूक कळली की विकार भांडत बसत नाही, लगेच माघार घेतो. त्याचं उदाहरण साधं आहे. फळ चवीला उत्तम असेल म्हणून मला ते हवंसं वाटतं. ते तसं नाही हे तुम्ही पटवलंत की माझी इच्छा संपते.

हे दार ह्यूमला वाटलं त्याहून बरंच मोठं आहे. फळाच्या इच्छेत एकच समजूत असते. राग, दया, शरम, कृतज्ञता, मत्सर या भावनांत एकेकीच्या पोटात तीन-तीन चार-चार समजुती असतात, आणि त्यातली प्रत्येक खरी किंवा खोटी असू शकते. भावना ही नुसती खळबळ नसते, ती जगाबद्दल काहीतरी म्हणत असते. म्हणूनच ती चुकू शकते, आणि चुकू शकते म्हणूनच तपासता येते. दातदुखी चुकत नाही. तिला कुणी 'तू अन्याय्य आहेस' असं म्हणत नाही. राग अन्याय्य असू शकतो.

रागच घेऊ. पहाटेचे साडेतीन. सोसायटीच्या पार्किंगमधल्या स्कूटरची बॅटरी चोरीला गेली आहे आणि वॉचमन खुर्चीत मान टाकून झोपलेला सापडला आहे. चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ खाली येऊन त्याच्यावर ओरडताहेत. या ओरडण्यात चार विधानं आहेत. एक: माझं नुकसान झालं. दोन: ते टळू शकलं असतं. तीन: ते टाळणं या माणसाचं काम होतं आणि त्याला ते जमण्यासारखं होतं. चार: त्याला माझी पर्वा नाही म्हणून त्याने ते केलं नाही. यातलं चौथं विधान म्हणजे रागाचा जीव. रागाची व्याख्या करताना ॲरिस्टॉटलने अपमान बोचणं, तुच्छ लेखलं जाणं हेच मुळाशी ठेवलं आहे, आणि ते बरोबर आहे. बॅटरी आपोआप बिघडली असती तर खर्च तेवढाच झाला असता, राग आला नसता.

आता एकेक विधान तपासायचं. पहिलं खरं. दुसरं बहुधा खरं. तिसऱ्यापाशी थांबायला हवं. पाळी बारा तासांची, रात्री आठ ते सकाळी आठ. पण दिवसपाळीचा माणूस आला नव्हता, म्हणून हा सकाळी आठपासूनच गेटवर होता. साडेतीनला तो कामाच्या विसाव्या तासात आहे. विसाव्या तासाला खुर्चीत बसून जागं राहणं हे सांगून होणारं काम नाही. तिसरं विधान कोसळलं आणि त्याच्याबरोबर चौथंही. मग राग संपला का? नाही संपला. पहिली दोन विधानं उभी आहेत, नुकसान झालं आहे आणि ते टळण्यासारखं होतं. रागाचा फक्त पत्ता बदलला. तो आता बदली माणूस न देणाऱ्या कंत्राटदाराकडे निघाला. वाटेत त्याला आणखी एक घर लागतं: सर्वसाधारण सभेत तीन दरपत्रकं आली होती, सगळ्यात कमी आकड्याला हात वर झाले होते, आणि त्यात चौथ्या मजल्यावरचा हातही होता. तिथे पोचल्यावर रागाची थोडी शरम होते. हे सगळं विवेकाने केलं, पण त्यासाठी त्याला बाहेरून एकही भावना आणावी लागली नाही. रागानेच जे म्हटलं होतं ते त्याने खरं मानून शेवटपर्यंत वाचलं.

राग कुणावर, किती, केव्हा, कशासाठी आणि कोणत्या रीतीने, हे पाच प्रश्न ॲरिस्टॉटलचे. ते वापरताना एक चूक फार होते: आपण 'किती' आणि 'कोणत्या रीतीने' यांच्यापासून सुरुवात करतो. आवाज खाली आणतो, शब्द मऊ करतो आणि आपण रागावर ताबा मिळवला असं समजतो. चुकीच्या माणसाला सौम्यपणे झापणं हा अन्याय कमी होत नाही. 'कुणावर' हा प्रश्न आधी.

हे सगळं साडेतीन वाजता जिन्यात उभं राहून होत नाही, हे खरंच आहे. रोमन स्टोइक विचारवंत सेनेका याने रागाच्या तीन हालचाली सांगितल्या. पहिली आपल्या हातात नसते: छाती धडधडते, तोंड तापतं, तर्काने ती थांबत नाही. दुसरीत मन 'मला दुखावलं गेलं, याला शिक्षा व्हायला हवी' या विधानाला होकार देतं. इथे अजून मागे फिरता येतं. तिसरीत राग हाताबाहेर गेलेला असतो. त्याच्याही आधी त्याच पंथाच्या क्रिसिपस या ग्रीक विचारवंताने चालणाऱ्याची आणि धावणाऱ्याची उपमा दिली होती. चालणारा वाटेल तिथे थांबतो. धावणारा थांबायचं म्हटलं तरी चार पावलं पुढे जातोच. म्हणून सेनेका रागावर मोठा उपाय सांगतो तो विलंबाचा. इथे विलंब म्हणजे राग गिळणं नव्हे. होकार देण्याआधी विधान वाचून घ्यायला मिळालेला तो वेळ आहे. जी माणसं राग गिळतात त्यांनी होकार आधीच दिलेला असतो, फक्त अंमल पुढे ढकललेला असतो.

आणि काही भावना निकाल ऐकूनही हलत नाहीत. ह्यूमनेच याचं चित्र दिलं आहे: उंच मनोऱ्यावरून लोखंडी पिंजऱ्यात टांगलेला माणूस. पिंजरा पक्का आहे हे त्याला ठाऊक असतं, तरी खाली बघून तो थरथरतो. अशा वेळी भावनेशी वाद घालून उपयोग नसतो, आणि तिची शरम बाळगण्याचंही कारण नसतं. तिचं म्हणणं खोटं ठरलं आहे एवढं मनाशी नोंदवून तिच्या विरुद्ध वागायचं असतं. जातीच्या संस्कारांतून आलेली शिसारी ही अशीच भावना आहे. एखाद्याला पंगतीत शेजारी कोण बसलंय याचा आतून अजून त्रास होतो; पण तो बसतो, जेवतो, पुन्हा बसतो. पहिल्या दिवशी वागणं बदलतं. आतला आकस मागून, कधी कधी फार मागून, सुटतो. तो सुटेपर्यंत वागणं बदलायचं थांबवून ठेवणं हा मात्र गुन्हा आहे.

मग भावना नकोच, नुसत्या विवेकावर भागेल, असं वाटण्याचा क्षण इथे येतो. त्याचं उत्तर मेंदूच्या दवाखान्यातून आलं आहे. अंतोनिओ दामासिओ या मेंदूतज्ज्ञाने कपाळामागच्या भागाला इजा झालेले रुग्ण तपासले. त्यांची बुद्धिमत्ता शाबूत, स्मरण शाबूत, भावना मात्र सपाट. त्यातला एक बर्फ साचलेल्या रस्त्याने गाडी चालवत आला. पुढचे लोक घाबरून ब्रेक दाबत होते आणि गाड्या घसरत होत्या. हा शांतपणे, नियमाप्रमाणे गाडी हाताळत पार झाला. भीती नव्हती याचा फायदाच झाला. दुसऱ्या दिवशी दामासिओंनी पुढच्या भेटीसाठी त्याला दोन तारखा सुचवल्या, एकमेकींपासून थोड्याच दिवसांच्या अंतराने. डायरी उघडून तो जवळजवळ अर्धा तास दोन्ही तारखांच्या बाजूची आणि विरुद्धची कारणं मांडत बसला. हवामान, इतर कामं, सगळं. अखेर दामासिओंनी दुसरी तारीख सांगितली, तेव्हा तो म्हणाला, चालेल. सारथी उत्तम होता, घोडे सोडलेले होते. दुसऱ्या एका रुग्णाला सामाजिक पेचप्रसंग दिले तर तो नाना उपाय सुचवायचा, आणि शेवटी म्हणायचा, एवढं सगळं झाल्यावरही मी काय करीन ते मला कळणार नाही. कळतं पण वळत नाही याचं इतकं उघडंवाघडं रूप दुसरं सापडणार नाही. हे रुग्ण नीतिशास्त्राचा एखादा सिद्धांत सिद्ध करत नाहीत. पण कारणांच्या ढिगातून एक कारण जड लागतं ते कशामुळे, हे त्यांच्यामुळे दिसतं.

या वादात जर्मन तत्त्वज्ञ कांटवर सर्वांत जास्त अन्याय झाला आहे. १७८५च्या त्याच्या छोट्या पुस्तकात एक परोपकारी माणूस येतो. स्वतःच्या दुःखाने त्याचं मन इतकं झाकोळून गेलं आहे की दुसऱ्याचं हाल-दैन्य आता त्याच्यापर्यंत पोचत नाही. तरीही या मरगळीतून तो स्वतःला ओढून बाहेर काढतो आणि केवळ कर्तव्य म्हणून मदत करतो. कांट म्हणतो, आता त्याच्या कृतीला खरं नैतिक मोल आलं. यावरून अनेकांनी काढलं की कांटला दया नकोशी होती, कोरडेपणाने केलेलीच मदत खरी. पण त्याला काय दाखवायचं होतं ते बघा. दोन औषधं एकदम चालू असतील तर गुण कशाने आला ते कळत नाही. एक बंद करून बघावं लागतं. कांटने दया बंद करून कर्तव्य दाखवलं. दया बंदच ठेवा, असं त्याने लिहिलेलं नाही. उलट १७९७च्या ग्रंथात तो सांगतो की गरीब राहतात त्या जागा टाळू नका, शोधत जा. आजाऱ्यांच्या खोल्या आणि कर्जदारांचे तुरुंग चुकवू नका, मनाला वेदना होतात म्हणून तोंड फिरवू नका. कारण ही सहवेदना निसर्गाने आपल्यात ठेवली आहे ती, कर्तव्याचा विचार एकट्याने जे करू शकणार नाही ते करण्यासाठी. म्हणजे ज्याला लोक कोरडा म्हणतात तो कांट सांगतो की जा आणि बघा. बैल दिसेल अशा ठिकाणी स्वतःला नेऊन उभं करा.

बघण्यात मात्र धोका आहे, आणि तो मेंढीला आहे. १९९५ साली मानसशास्त्रज्ञ डॅनियल बॅटसन आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. असाध्य आजाराच्या दहा वर्षांच्या मुलीची, शेरी समर्सची, मुलाखत लोकांना ऐकवली. मुलगी आणि मुलाखत प्रयोगापुरती रचलेली होती, ऐकणाऱ्यांना ते माहीत नव्हतं. त्रास कमी करणाऱ्या उपचारासाठी ती रांगेत आहे. तुम्ही सांगितलंत तर तिला पुढे घेता येईल, पण तिच्या पुढे असलेल्या मुलांची गरज जास्त आहे किंवा ती जास्त दिवस थांबली आहेत. अलिप्तपणे ऐका असं ज्यांना सांगितलं होतं त्यांच्यापैकी सुमारे एक-तृतीयांशांनी तिला पुढे घेतलं. तिला काय वाटत असेल याची कल्पना करत ऐका असं ज्यांना सांगितलं होतं त्यांच्यापैकी जवळजवळ तीन-चतुर्थांशांनी. शेरी हा बैल होता. रांगेतली बाकीची मुलं मेंढ्या होती, त्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

मग आकडे दाखवावेत म्हटलं तर तेही उलटतं. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक यांचं २००७ साली प्रसिद्ध झालेलं काम आहे. लोकांना एक-एक डॉलरच्या पाच नोटा दिल्या आणि त्यातून भुकेग्रस्तांना हवं तेवढं द्या म्हटलं. काहींना रोकिया ही मालीमधली सात वर्षांची मुलगी दाखवली, काहींना आफ्रिकेतल्या उपासमारीचे लाखांतले आकडे. रोकिया बघणाऱ्यांनी आकडे बघणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त दिलं. आणि ज्यांना दोन्ही दाखवलं, त्यांचा हात आकडेवाल्यांसारखाच आखडला. आधी गणितं सोडवायला लावली तर रोकियासाठीही कमी पैसे निघाले. म्हणजे मोजणी चुकीच्या वेळी मध्ये आली की मेंढी दिसत नाहीच, दिसणारा बैलही अंधुक होतो.

म्हणून क्रमाला महत्त्व आहे. आधी बघायचं, मग मोजायचं, आणि मोजून झाल्यावर आकड्यामागचा एक चेहरा पुन्हा बघायचा. मदतनिधी वाटणाऱ्या समित्यांत याचं साधं रूप असं: अर्जदारांच्या घरी जाऊन या, त्यांच्याशी बोला, पण कुणाला किती द्यायचं याचे निकष त्या भेटींच्या आधी कागदावर लिहून ठेवा. भेटीनंतर निकष बदलावेसे वाटले तर बदला, पण एकासाठी नाही, सगळ्यांसाठी. भेट नसेल तर निकष निर्जीव होतात. निकष नसतील तर ज्याला नीट बोलता येतं, ज्याचं मूल गोड दिसतं, त्याला पैसे जातात.

भावना जवळच्याला मोठं दाखवते हे ह्यूमला चांगलंच माहीत होतं. माझा नोकर कामसू आणि इमानी असेल तर रोमच्या इतिहासातल्या मार्कस ब्रूटसपेक्षा मला त्याच्याविषयी जास्त जिव्हाळा वाटेल, पण म्हणून मी त्याला ब्रूटसपेक्षा थोर म्हणत नाही, असं तो लिहितो. दूरची वस्तू लहान दिसते, तरी ती लहान आहे असं आपण म्हणत नाही. अंतराचा हिशेब धरतो. भावनेचाही तसाच धरतो. आणि मग त्याने एक फार प्रामाणिक गोष्ट जोडली आहे: अनुभव आपल्याला भावना दुरुस्त करायला शिकवतो, किंवा भावना हट्टी असतील तिथे निदान भाषा दुरुस्त करायला. आधी भाषा बदलते. ही नामुष्की नाही. 'माझा' म्हणायच्या जागी 'ज्याची पाळी आहे तो' म्हणू लागणं, ही सुधारणेची पहिली खरी पायरी आहे. ह्यूमचा मित्र ॲडम स्मिथ याने पुढे तेच बोट पुन्हा उचललं. उद्या आपली करंगळी जाणार हे कळलं तर माणसाला रात्रभर झोप येणार नाही. चीनमध्ये भूकंपाने कोट्यवधी लोक गेले असं कळलं, पण त्यांना कधी पाहिलं नसेल तर तो शांत घोरेल. तरीही करंगळी वाचवण्यासाठी तो त्यांचा बळी देईल का? नाही देणार. आतला निःपक्ष बघ्या त्याला अडवतो.

तुकोबांनी या दुरुस्तीचं मापच हातात दिलं: दया करणें जें पुत्रासी । तेचि दासा आणि दासी ॥ यात मुलावरची माया कमी करायला सांगितलेलं नाही. दयेची व्याख्याही केलेली नाही. जी दया घरात आधीच आहे तिचा गज करून दुसरीकडे मोजायला सांगितलं आहे. ते मोजायचं कसं, तर तपशिलाने. आपल्या मुलाला एकशेदोन ताप असला की आपण काय काय करतो? शाळा बुडवतो, रजा टाकतो, डॉक्टरकडे नेतो, रात्री दोनदा कपाळाला हात लावून बघतो. आता कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलाला तेवढाच ताप आहे आणि त्यांचा फोन आला आहे. यादी तीच धरा. रात्री कपाळाला हात लावणं त्यांच्याकडेच राहील, ती त्यांची माया आणि त्यांची जागा. पण रजा? ती यादीत होती. डॉक्टरची फी? तीही होती. मग खाडा कापायचा की नाही हा प्रश्न उरतच नाही, आणि 'उद्या तरी याल ना?' हे वाक्य घशातच अडतं. कुठला फरक नात्याचा आहे आणि कुठला नुसता अंतराचा, हे अशा यादीत ओळीओळीने कळतं. मोघम करुणेत ते कळत नाही.

मेन्शियसने राजाला हेच सांगितलं होतं, तुकोबांच्या जवळजवळ दोन हजार वर्षं आधी. आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांना मान द्या आणि तो दुसऱ्यांच्या वडीलधाऱ्यांपर्यंत न्या. आपल्या लेकरांना जपा आणि ते जपणं दुसऱ्यांच्या लेकरांपर्यंत न्या. तुमची दया एका जनावरापर्यंत पोचली, मग प्रजेपर्यंत का पोचत नाही? डोंगर काखेत मारून समुद्र ओलांडायला सांगितलं आणि तुम्ही 'जमत नाही' म्हणालात, तर ते खरंच जमणारं नाही. पण हे तसलं काम नाही. तुम्ही करत नाही, म्हणून ते होत नाही.

आणि एवढं बोलून तो थांबला नाही. राजाचं मन हेलावलेलं होतं, कळलेलं होतं, आता वळवायचं होतं. म्हणून त्याने मापं सांगितली. दर घराला पाच मू (मू हे जमिनीचं चिनी माप) जागा, तिच्यात तुतीची झाडं. म्हणजे पन्नाशीच्या माणसांना रेशीम अंगावर घालता येईल. कोंबड्या, डुकरं, कुत्री यांच्या विणीचा हंगाम चुकवू नका. म्हणजे सत्तरीच्या माणसांना मांस खायला मिळेल. दर कुटुंबाला शंभर मू शेत, आणि पेरणी-कापणीच्या दिवसांत त्यांना वेठीला धरू नका. म्हणजे आठ माणसांचं घर उपाशी राहणार नाही. गावोगावच्या शाळांकडे लक्ष द्या, मुलांना आईवडिलांशी आणि थोरल्यांशी कसं वागायचं ते शिकवा. म्हणजे पिकल्या केसांची माणसं रस्त्याने पाठीवर, डोक्यावर ओझी वाहताना दिसणार नाहीत.